नात्याचा रकाना

१

मोती तबेल्यातले जिल्हाधिकारी कार्यालय. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर इंदूरकरांनी इथे अर्ज द्यायचा. मग तीस दिवसांची नोटीस, सर्वांना दिसेल अशा जागी लावलेली. कायद्याची एखादी अट मोडली जाते असे कोणाला वाटले, तर त्याने हरकत घ्यावी.

मध्यंतरी नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. गुरुजींनी अंतरपाट धरला, मंगलाष्टके झाली, पंगती उठल्या. त्या दोघांच्या नावाचा कागद महिनाभर कोणत्याही भिंतीवर लागला नव्हता.

२

डिसेंबर २०२३. इंदूरच्या एका जोडप्याची याच कायद्याखाली नोंदणी झाली. नवऱ्याच्या जन्माच्या कागदावर 'स्त्री' लिहिलेले होते. मुंबईत शस्त्रक्रिया, मग प्रमाणपत्र, मग अर्ज, मग लग्न. घरच्यांची संमती होती. शहरातले असे पहिले लग्न म्हणून बातम्या आल्या.

दोन महिने आधी, १७ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क नाकारला होता. त्याच निकालात हेही होते, की पारलिंगी व्यक्ती आणि तिचा जोडीदार स्त्री-पुरुष असे असतील तर त्यांचे लग्न आजच्या कायद्यात बसते.

तेच दोघे, तोच जिव्हाळा. प्रमाणपत्राआधी कार्यालयाचे दार बंद, प्रमाणपत्रानंतर उघडे.

३

तो निकाल म्हणजे 'सुप्रियो विरुद्ध भारत सरकार'. पहिले याचिकाकर्ते हैदराबादचे. घटनापीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, संजय किशन कौल, रवींद्र भट, हिमा कोहली, नरसिंह. सुनावणी १८ एप्रिल ते ११ मे २०२३. चार वेगवेगळी निकालपत्रे.

लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही जणांचे एकमत. जोडप्याच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता द्यायची का आणि त्यांना एकत्र मूल दत्तक घेता यावे का, यावर तीन विरुद्ध दोन. खुद्द सरन्यायाधीश अल्पमतात.

४

या निकालावरच्या पुनर्विलोकन याचिका न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या. न्यायमूर्तींच्या दालनात. खुली सुनावणी झाली नाही.

५

केंद्र सरकारने लेखी म्हणण्यात ही मागणी 'शहरी अभिजनांची' म्हटली. सरन्यायाधीश म्हणाले, याला सरकारकडून आकडेवारी आलेली नाही.

याचिकाकर्त्यांत पंजाबातल्या मुक्तसरची एक दलित तरुणी होती. बेकरीत मदतनीस.

६

आता आपल्याच राज्यातली गोष्ट. डिसेंबर १९८७. मध्य प्रदेश सशस्त्र पोलीस दलाच्या भोपाळच्या तेविसाव्या बटालियनमधल्या दोन महिला शिपायांनी सागरला एकमेकींशी लग्न केले. पुरोहित होता, हार होते, फोटो काढले होते. फोटो बटालियनमध्ये पोहोचला. १९८८ च्या सुरुवातीला दोघींची नोकरी गेली. मग देशभरच्या वर्तमानपत्रांनी छापले.

पगार शिपायाचा, गाव सागर, वर्ष १९८७. इंटरनेट नव्हते, मोर्चे नव्हते, सप्तरंगी झेंडे नव्हते. या दोघींना हे कोणी शिकवले असेल?

त्यांची नावे तेव्हा सगळीकडे छापली गेली. इथे देत नाही. त्यांनी प्रसिद्धी मागितली नव्हती.

७

त्याच सागरचे हरिसिंह गौर. नागपूरला वकिली केली, तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि १९४६ मध्ये स्वतःच्या कमाईतून सागरला विद्यापीठ काढले. एवढे सगळ्यांना ठाऊक असते.

गौरांनी विवाहाच्या कायद्यात केलेली दुरुस्ती कमी सांगितली जाते. १८७२ च्या कायद्याने जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न करता येई, पण एका अटीवर: आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, बौद्ध नाही, शीख नाही, जैन नाही, असे दोघांनी लिहून द्यायचे. म्हणजे लग्नासाठी आधी आपले सगळे नाकारायचे. गौरांनी कायदेमंडळात झगडून १९२३ मध्ये ही अट हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्यापुरती काढायला लावली. त्यातही एक मोबदला उरलाच. अशा लग्नाने हिंदू माणूस एकत्र कुटुंबातून आपोआप विभक्त धरला जाई.

१९५४ चा विशेष विवाह कायदा याच रस्त्याने आला. २०२३ मध्ये न्यायालयात ज्या कायद्याचा कीस पडला तो हाच.

८

१९२४. इंदूरचे युवराज यशवंतराव होळकर आणि कागलच्या घाटग्यांच्या संयोगिताबाई यांचे लग्न. वर धनगर, वधू मराठा. कागलचे घाटगे म्हणजे शाहू महाराजांचे जन्मघराणे. हे लग्न त्यांनी ठरवत आणले होते. ते पाहायला ते राहिले नाहीत, १९२२ मध्ये गेले. त्यांच्या मनात एकच लग्न नव्हते. मराठा-धनगर अशी शंभर लग्ने लावायची योजना होती. जातीबाहेरच्या लग्नांसाठी त्यांनी कोल्हापुरात कायदाही केला होता.

तेव्हाचे आक्षेप आज वाचले तर ओळखीचे वाटतात. धर्मात बसत नाही. कुळाचे काय होणार. संततीचे काय होणार. आज इतकी घाई कशाला.

९

१९२८. गादी सोडलेले तुकोजीराव होळकर आणि अमेरिकेच्या सिअ‍ॅटलची नॅन्सी मिलर. आधी नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते तिला हिंदू धर्मात घेतले, नाव ठेवले शर्मिष्ठा. मग धनगर समाजाने तिला आपल्यात घेतले. मग नर्मदेकाठी बडवाहला लग्न. सनातन्यांनी आकांडतांडव केले.

इंदूरकर ही गोष्ट पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. सांगावीच. समुद्रापलीकडच्या मुलीला जातीत बसवायला शंकराचार्य पुढे आले, जात पुढे आली. बसवायचे मनात असले की वाट काढली जाते, हे आपल्या शहराने शंभर वर्षांपूर्वी पाहिले आहे.

१०

काकू म्हणाल्या, "राहू दे की दोघांना सुखाने. मी कोण नाही म्हणणारी? पण लग्नाचा हट्ट कशाला?"

म्हटलं, "काकू, काका गेल्यावर तुमची पेन्शन कशावर सुरू झाली?"

"दाखला मागत होते लग्नाचा. आमच्या वेळी नोंदणी कुठली? यांच्या ऑफिसातल्या सर्व्हिस बुकात माझं नाव होतं म्हणून भागलं. तरी चार खेपा घालायला लागल्या बाबा."

थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "मग त्यांना काय मिळतं?"

११

भविष्य निर्वाह निधी. सदस्याला कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे 'कुटुंब' असेल, तर नामनिर्देशन कुटुंबाबाहेरच्या माणसाच्या नावे करता येत नाही. केले तर ते रद्द समजले जाते. ग्रॅच्युइटीचेही तसेच. अवलंबून असलेले आई-वडील कुटुंबात येतात. वीस वर्षे सोबत राहिलेला जोडीदार येत नाही.

१२

दत्तक. समलिंगी पुरुष किंवा स्त्री एकट्याने मूल दत्तक घेऊ शकते. दोघांनी मिळून नाही. त्यासाठी नियमाप्रमाणे दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन लागते. म्हणजे मूल घरात दोघांचे, कागदावर एकाचे. ज्याचे नाव कागदावर आहे तो उद्या गेला, तर दुसरा त्या मुलाचा कायद्याने कोणी नाही.

मुलाच्या हिताचे नाव घेऊन हा नियम राखला गेला. मला त्यात मुलाचे हित दिसत नाही. मुलाला दोन पालक आहेत आणि कायदा त्यातला एक काढून घेतो.

१३

इंदूरचे ग्रीन कॉरिडॉर. मेंदूमृत रुग्णाच्या घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला, की चौकाचौकात पोलीस उभे राहतात, वाहतूक थांबते आणि रुग्णवाहिका विमानतळाकडे किंवा दुसऱ्या रुग्णालयाकडे सुटते. २०१५ पासून हे शहर ते करत आले आहे. रस्त्याकडेला थांबलेले लोक हात जोडतात. या शहराचा मला मनापासून अभिमान वाटतो तो अशा वेळी.

जिवंतपणी मूत्रपिंड द्यायचे असेल तर कायद्यात 'जवळचे नातेवाईक' कोण, याची यादी आहे. नवरा-बायको, मुले, आई-वडील, भावंडे, आजी-आजोबा, नातवंडे. यादीबाहेरच्या माणसाला द्यायचे असेल तर प्राधिकार समितीपुढे जायचे आणि आपण हे प्रेमापोटी, जिव्हाळ्यापोटी करतो आहोत, पैशासाठी नाही, हे पटवायचे.

पैशाचा व्यवहार रोखायला ही समिती हवीच. पण बायको नवऱ्याला देते तेव्हा नाते पुरते. समलिंगी जोडप्याने मात्र एका घरात काढलेली वर्षे फोटो, भाडेकरार आणि बँकेच्या नोंदी दाखवून सिद्ध करायची. तेही एक जण डायलिसिसवर असताना.

१४

वधू-वर परिचय मेळावा. सभागृहाबाहेर नोंदणीचे टेबल. उंची, वर्ण, गोत्र, नाडी, पत्रिका पाहणे आहे की नाही, अपेक्षा.

एक बाई अर्ज हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. मुलगा बंगळुरूला, पगार चांगला.

"तो लग्न करायचंच नाही म्हणतो हो."

टेबलावरच्या काकू म्हणाल्या, "सगळेच म्हणतात. नाव टाकून ठेवा."

बाईंनी अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला. भरला नाही. त्यांना मुलाने काय सांगितले असेल ते त्यांचे त्यांना. पण न भरता त्या घरी गेल्या, याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटले. त्या अर्जाने पुढे एक मुलगी फसली असती.

१५

हा भाग वादात फार कमी येतो. जबरदस्तीने लावलेल्या लग्नात दोन माणसे अडकतात. बायको वर्षानुवर्षे स्वतःत दोष शोधत राहते. तिने डॉक्टर केलेले असतात, व्रते केलेली असतात, सासूचे बोलणे खाल्लेले असते. कुटुंबसंस्था वाचवायची म्हणणाऱ्यांनी या बायकांना एकदा तरी विचारावे.

१६

एप्रिल २०२३. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ठरावात म्हटले: देशातले ९९.९ टक्क्यांहून जास्त लोक समलिंगी विवाहांच्या विरोधात आहेत.

त्याच वर्षीचे प्यू संस्थेचे सर्वेक्षण: भारतातले ५३ टक्के प्रौढ कायदेशीर मान्यतेच्या बाजूने.

त्याच एप्रिलमध्ये 'स्वीकार' या पालकांच्या गटातल्या चारशेवर आई-वडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. आमच्या मुलांची लग्ने आमच्या डोळ्यांदेखत व्हावीत, आमचे वय होत चालले आहे, असा त्याचा आशय.

१७

यवतमाळ, डिसेंबर २०१७. आयआयटीत शिकलेला, अमेरिकेत नोकरी करणारा मुलगा आपल्या व्हिएतनामी जोडीदाराला घेऊन गावी आला आणि घरचे, मित्र, पाहुणे यांच्या समोर लग्नसोहळा केला. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ जिवंत होते. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाला अजून आठ महिने होते.

सोहळ्यासाठी त्याला अमेरिकेतले कुठलेही शहर मोकळे होते. त्याने यवतमाळ निवडले.

१८

नागपूर, २०२१ संपतानाच्या सुमारास. दोन डॉक्टर तरुणींनी एकमेकींना अंगठ्या घातल्या. घरचे हजर.

१९

कलम ३७७ च्या तारखा, एका दमात: १८६० ला दंडसंहितेत आले. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सैल केले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आवळले. ६ सप्टेंबर २०१८ ला सोडले. १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत ते नाहीच.

२००९ मध्ये हिंमत करून घरी सांगितलेला मुलगा २०१३ मध्ये पुन्हा गुन्हेगार झाला होता. साडेचार वर्षांत.

२०

'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचक लैंगिक प्रश्न विचारत आणि र. धों. कर्वे उत्तरे देत. हस्तमैथुनावर प्रश्न असत, समलिंगी संबंधांवर असत. १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, दंड झाला. उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अपील हरले.

बाबासाहेबांचा जन्म महूचा. इंदूरहून तासाभराच्या आत पोहोचता येते. १४ एप्रिलला रस्ते निळे होतात. त्या दिवशीच्या भाषणांत कर्व्यांचा खटला कोणी सांगितलेला मी ऐकला नाही. सांगायला हवा.

२१

तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट', १९८१. मराठी रंगभूमीवर एका मुलीचे मुलीवरचे प्रेम. सागरच्या लग्नाआधी सहा वर्षे.

२२

इंदूरच्या रामबागेत आमच्या लहानपणी दोन शिक्षिका एकत्र राहत. एकीला आम्ही ताई म्हणायचो, दुसरीला बाई. दिवाळीत त्यांच्याकडचे अनारसे सगळ्यात जाळीदार. घर ताईंच्या नावावर होते. ताई आधी गेल्या. वर्षभरात भाचे आले, घर विकले गेले. बाई सामानाचा एक टेम्पो घेऊन देवासला कोणा नातलगाकडे गेल्या.

त्या दोघी एकमेकींच्या कोण होत्या, मला माहीत नाही, आणि आता तर्क करणे बरे नाही. पण घर दोघींनी चालवले होते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात अविवाहित स्त्रीच्या मागे आई-वडील, मग वडिलांचे वारस. भाच्यांनी बेकायदा काहीच केले नाही.

२३

चळवळीतल्याच काही जणी विचारतात, लग्न कशाला हवे? ज्या संस्थेने बायकांना इतके दाबले, मालमत्ता आणि जात सांभाळली, तिच्यात आपण का शिरायचे? माझ्या परिचयातली एक मैत्रीण हे फार तळमळीने मांडते आणि तिचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. तिने लग्न केले नाही, करणारही नाही.

पण तिला पुरुषाशी लग्न करता आले असते आणि तिने नको म्हटले. दुसऱ्या मैत्रिणीला, जिचे प्रेम बाईवर आहे, तेवढीही निवड नाही. दोघींना सारखी निवड मिळू द्या. मग लग्नसंस्थेवर खुशाल वाद घालू, मीही घालीन.

२४

जबलपूर, २०२२ चा उत्तरार्ध. अठरा वर्षांची मुलगी बावीस वर्षांच्या मैत्रिणीसोबत राहायला गेली. वडील उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने मुलीला विचारले. तिने मैत्रिणीकडे राहायचे सांगितले. ती सज्ञान आहे, कुठे राहायचे हे ती ठरवेल, असे म्हणून न्यायालयाने तिला जाऊ दिले.

मद्रास उच्च न्यायालय, मे २०२५. घरच्यांनी डांबलेल्या तरुणीला सोडवताना दोन न्यायमूर्तींनी लिहिले, की कुटुंब उभे करण्याचा लग्न हा एकमेव मार्ग नाही.

दोन्हीकडे मुली सुटल्या. दोन्हीकडे आधी कोणाला तरी न्यायालयापर्यंत जावे लागले.

२५

शेजारच्या गुजरातेत 'मैत्री करार' नावाचा एक प्रकार होता. स्टँपपेपरवर दोघांनी लिहून द्यायचे, की आम्ही एकत्र राहू. बहुधा विवाहित पुरुष दुसऱ्या बाईसाठी तो करत. ऐंशीच्या दशकात वडोदरा जिल्ह्यातल्या दोन बायकांनीही केला.

२६

१ एप्रिल २०२२ ला सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडले: विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांना जागा द्या; दोघे पुरुष असतील तर वय २१, दोघी स्त्रिया असतील तर १८. विधेयक तिथेच राहिले.

१९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही.

न्यायालय म्हणते, हे संसदेचे काम. बरोबर आहे. मग संसदेने ते करावे.

२७

नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये समलिंगी लग्ने नोंदवण्याचा अंतरिम आदेश दिला. नोव्हेंबरअखेर पहिली नोंदणी झाली. काठमांडूत नव्हे, पोखऱ्यात नव्हे, लमजुंग जिल्ह्यातल्या दोर्दी नावाच्या गावपालिकेत.

तैवानमध्ये ही लग्ने २०१९ पासून कायदेशीर, थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून. दोन्ही देशांत पितरांना मानतात.

२८

अमेरिकेतला समलिंगी लग्नाचा प्रसिद्ध खटला, २०१५ मध्ये निकाल लागलेला, उभा राहिला तो मृत्यूच्या दाखल्यावरून. ओहायोतल्या जिम ओबरगेफेल यांना आजारी नवऱ्याच्या दाखल्यावर हयात जोडीदार म्हणून आपले नाव हवे होते. एका ओळीसाठी माणूस वॉशिंग्टनपर्यंत गेला.

केरळ, फेब्रुवारी २०२४. जोडीदार अपघातात गेला. शव मागायला दुसऱ्याला उच्च न्यायालयात जावे लागले. शव घरच्यांकडे गेले.

२९

ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर निघालेली पत्रे: एकत्र राहणाऱ्या जोडीदारांना शिधापत्रिकेत एक कुटुंब धरा. संयुक्त बँक खाते उघडायला, जोडीदाराला नामनिर्देशित करायला कोणतीही आडकाठी नाही. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला शव घेऊ द्या.

ही पत्रे निघाली ते चांगले झाले. ज्यांनी काढली त्यांचे आभार. पण पत्र हे पत्र असते. खिडकीवरच्या कारकुनापर्यंत ते पोहोचले का, त्याने वाचले का, तो मानेल का, यावर सगळे अवलंबून. आणि 'नातेवाईक उपलब्ध नसतील तर' या अटीत, पंधरा वर्षे न बोललेला भाऊ सकाळच्या गाडीने आला तर तो उपलब्ध असतो.

३०

मुंबई उच्च न्यायालय, ऑगस्ट २०२५. एका पुरुष जोडप्याची याचिका प्राप्तिकराबद्दल. वर्षात ५०,००० रुपयांच्या वर मिळालेली भेट हे उत्पन्न धरून कर लागतो. नवरा-बायकोने एकमेकांना दिलेल्या भेटीवर नाही. या दोघांच्या भेटीवर लागतो. न्यायालयाने महान्यायवादींना नोटीस काढली.

लग्नाचा प्रश्न पुढच्या दारात अडला आहे. आता तो असा एकेका कलमाने येत राहील.

३१

ओळखीच्या वकीलबाई अशा जोडप्यांना काय सांगतात ते लिहून घेतले. कोणाच्या उपयोगी पडावे म्हणून इथे ठेवतो.

दोघांनीही मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांसह, आणि नोंदवून टाका. नोंदणी सक्तीची नाही, पण भाचे-पुतणे भांडायला आले तर आधार होतो. भाडेकरार दोघांच्या नावे. बँक खाते संयुक्त. घर घ्याल तर दोघांची नावे खरेदीखतातच. बेशुद्धीत उपचारांबद्दल निर्णय कोणी घ्यायचा याचे आगाऊ निर्देशपत्र करा. २०२३ पासून ते नोटरीपुढेही होते, त्यात तुमच्या वतीने बोलणाऱ्याचे नाव घाला आणि प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवा.

विचारले, "हे सगळं केलं तर लग्नाइतकं संरक्षण मिळतं?"

"नाही. कौटुंबिक पेन्शन मृत्युपत्राने देता येत नाही. भरपाई, अनुकंपा नोकरी, दोघांनी मिळून दत्तक, वेगळे झाल्यावर पोटगी, हे कशानेही मिळत नाही. आणि मी सांगितलेल्या कागदांचा खर्च सगळ्यांना परवडत नाही. मुक्तसरच्या त्या बेकरीतल्या मुलीला तर नक्कीच नाही."